दमणीचं गाणं कोणाचं

“ऐक बे पेटीवाल्या, हे मरत नाही.”

एक पाय माझ्या दुकानाच्या पायरीवर, दुसरा अजून रस्त्यावर, टोपी मागं सरकलेली, आणि उजव्या हाताची थाप स्वतःच्याच मांडीवर. ना राम राम, ना कसा आहेस. गाणं सुरू. मी कोणाच्या तरी पेटीचा भाता सोलून बसलेलो असायचो, हाताला सरस लागलेला असायचा. त्याला काय त्याचं! त्याला सूर पाहिजे म्हणजे पाहिजे.

तीन दिवसांनी मी मुद्दाम विचारायचो, “त्या न मरणाऱ्याचं काय झालं रे?”

“मेलं,” तो शांतपणे सांगायचा. “पन हे ऐक. हे मरत नाही.”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दहा वेळा तोंडावर पडतो आणि अकराव्यांदा त्याच तोऱ्यात उठतो. आपल्याला त्याचा राग येतो, आणि तो दोन दिवस फिरकला नाही तर करमतही नाही. त्याचं नाव मी सांगत नाही. का, ते पुढं कळेल. नाही कळलं तर खोट माझ्या सांगण्यात आहे असं समजा.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला बांधलेलं होतं. आमच्या चिखलीचा सरकारी कागद नागपूरला जायचा, आणि ह्याचं डोकं मुंबईला, कारण गाण्याच्या तबकड्या तिथं निघत. सावकाराच्या आणि वकिलाच्या घरी फोनो आले होते. चावी भरायची, सुई टेकवायची आणि तीन मिनिटं ऐकायचं. ह्यानं पहिल्यांदा फोनो ऐकला तेव्हा सगळं गाव गाणाऱ्या बाईबद्दल बोलत होतं. हा विचारत होता, “हे गानं लिहिलं कोनं?” कोणाला ठाऊक नव्हतं. कोणाला पर्वाही नव्हती. त्या दिवसापासून ह्यानं ठरवलं की आपण गाणी लिहायची, आपणच गळे शोधायचे, तबकड्या काढायच्या आणि तबकडीवर आपलं नाव छापून आणायचं.

घर अडत्याचं. बाजारात कापसाची मोठी अडत, गादीवर थोरला भाऊ. ह्याची आई वारली तेव्हा हा अंगावर पीत होता, आणि थोरला दहा-अकरा वर्षांचा. बापही लवकर गेला. थोरल्यानं ह्याला वाढवलं, अडतही वाढवली, आणि ह्या दोन्ही कामांत हसायचं राहून गेलं. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्चायचा नाही. पण त्याच्या शब्दाला बाजारात वजन होतं. दोन शेतकऱ्यांचं जमलं नाही तर म्हणत, चला, शेटजीला विचारू, तो खोटं बोलत नाही.

धाकट्याच्या गाण्यांबद्दल शेटजीचं मत एवढंच होतं: “बाजा वाजवून घर चालत नाही.” पण धाकट्यानं फार पिच्छा पुरवला तेव्हा एक दिवस त्यानं माझ्यासमोर सांगितलं, “पुढच्या हंगामापर्यंत फिर. तबकडीवर आपल्या घराचं नाव आन. नाही आलं तं गादीवर बसाचं, आन् गान्याचं नाव काढाचं नाही.”

“हाव दादा,” हा म्हणाला. बाहेर येऊन मला म्हणाला, “झालं बे काम.” काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मलाही वाटायला लागलं की झालं.

आता त्याची गाणं करायची रीत ऐका, कारण सगळं रामायण त्या रीतीनं झालं.

गाणं लिहिलं की तो ते मला ऐकवायचा. मी नाक मुरडायचो. मग तो जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जायचा. दिवाळीनंतर कापूस निघाला की आमच्या जिनात बायांची रांग बसायची, कापसातला काडीकचरा वेचायला. यंत्राचा आवाज असा की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, पण गाणं ऐकू येतं. तो त्यांना गाणं शिकवायचा आणि आठ-पंधरा दिवस गावच सोडायचा. नांदुऱ्याकडे जा, वडनेर भोलजीला जा, गळे शोधत हिंड. परत आला की पहिलं काम म्हणजे जिनाच्या फाटकाशी उभं राहून कान द्यायचं. बाया तेच गाणं गात असल्या तर गाणं जगलं. नसल्या तर मेलं.

आणि खरी गंमत पुढं आहे. बायांनी गाणं जसंच्या तसं ठेवलेलं कधीच नसायचं. कुठं शब्द बदललेला, कुठं ओळ गाळलेली. दुसऱ्या कोणाच्या अंगाची लाही झाली असती. हा ते बदललेलं गाणं घोकून यायचा आणि म्हणायचा, “लोकाइनं दुरुस्त केलं. आता हे खरं.” स्वतःचा मूळ कागद तो माझ्या चुलीत टाकायचा. मी म्हणायचो, अरे लेका, निदान जवळ तरी ठेव. तो म्हणायचा, “शिळं कोन जपून ठेवते?”

दमणीचं गाणं असंच झालं. ते त्यानं माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. समोरच्या रस्त्यानं मलकापूरची सर्व्हिस मोटर सुटायची. एक नवी पोर सासरी निघाली होती. तिची माय मोटरशेजारी उभी होती. मोटर सुटली आणि पोरीनं खिडकीतून काहीतरी ओरडून सांगितलं, ते मायला ऐकू गेलं नाही. ती नुसतीच मान हलवत राहिली. हा पायरीवर बसून सगळं पाहत होता. मांडीवर थाप पडली.

*मोटर थांबव रे दादा, येशीच्या वळनाले,*
*मायले सांगाचं एक, राहून गेलं मले.*

मी नाक मुरडलं नाही. पेटी ओढली आणि चाल धरली. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं जिनाच्या फाटकाशी गेलो तर आत गाणं घुमत होतं. फक्त मोटर गेली होती आणि दमणी आली होती. *दमणी थांबव रे दादा.* दमणी म्हणजे आमच्याकडची बायामाणसांना न्यायची छपराची बैलगाडी.

ह्यानं एका वयस्कर बाईला विचारलं, “काऊन वो माय, मोटर कुठं गेली?”

ती कापसातून मान वर न करता म्हणाली, “भाऊ, मोटर कोनासाठी थांबते? डायवर शिव्या देते. दमणी थांबते.”

हा माझ्याकडे असा पाहत होता की जणू मोटर मीच लिहिली होती. “पाह्यलं? आपल्याले कळलं नाही, तिले कळलं.” दमणी कायम झाली. मोटरचा कागद चुलीत गेला.

गळाही त्यानंच शोधला. वरवट बकालच्या एका पिंजाऱ्याची सून. तिचा म्हातारा सासरा मोठा दिलदार माणूस. तो म्हणाला, “आवाज जाऊ द्या बंबईले. फोटो मात्र निघाचा नाही.” मग सासरा, सून, नवरा, हा आणि पेटी घेऊन मी, अशी वरात आगगाडीनं मुंबईला गेली.

कंपनीच्या खोलीत भिंतींना जाड पडदे, मधे तो गाणं धरणारा डबा, आणि वर तांबडा दिवा. दिवा लागला की गायचं. दिवा लागला आणि आमच्या बाईच्या तोंडातून आवाजच फुटेना. ज्या मेणाच्या थाळीवर गाणं कोरलं जायचं, ते मेण वाया गेलं. दुसऱ्यांदाही तेच. आतला साहेब घड्याळ पाहायला लागला. ह्यानं तिला दटावलं नाही, धीरही दिला नाही. नुसता तिच्या हातांकडे पाहत राहिला. ती रिकामे हात एकमेकांवर चोळत होती. हा धावत खाली गेला, आणि कुठल्याशा गादीवाल्याकडून पिशवीभर कापूस घेऊन आला. तिच्या मांडीवर ओतला. म्हणाला, “बाई, तू काम कर. गान्याचं आमी पाहून घेतो.”

तिची बोटं कापूस पिंजायला लागली आणि आवाज आपोआप सुटला. पहिलं कडवं असं गायली की माझी बोटं पेटीवर गार पडली. मधेच कापसाचा तंतू उडून साहेबाच्या नाकात गेला, तो शिंकला, आणि ते मेणही वाया गेलं. पण आता भीती मोडली होती. पुढच्या वेळी साहेबच तोंडावर रुमाल धरून बसला. गाणं तीन मिनिटांत आटपावं म्हणून हा समोर उभा राहून उपरण्याचं टोक हळूहळू वर करत होता. टोक खांद्याला लागलं आणि गाणं संपलं. साहेब बाहेर येऊन म्हणाला, “तुम्ही पूर्वी हे काम केलंय?” हा म्हणाला, “रोजच करतो.” थाप मारायला ह्याला कोणी शिकवायला नको होतं.

नाव छापायचं तेवढं राहिलं. कंपनीची एक अडचण होती. मागं कोणीतरी जुनंच गाणं आपलं म्हणून दिलं होतं आणि कंपनीची शोभा झाली होती. म्हणून कंपनीचा माणूस नमुन्याची तबकडी घेऊन आमच्या भागात येणार, चार लोकांना ऐकवणार आणि मगच लिहिणाऱ्याचं नाव छापणार. ह्याला काय, आनंदच. “लोकाइले इचारा. माझी ना नाही.”

तो माणूस आला. पुणेरी, धोतराच्या निऱ्या जागच्या जागी, बोलणं मऊ. बाजारातल्या कापडाच्या दुकानात फोनो लावला. गर्दी झाली. गाणं संपलं तसं त्यानं विचारलं, “हे गाणं कोणाचं आहे, सांगता येईल का?”

“जुनं आहे,” एकजण म्हणाला.

“आमची आजी म्हने.”

“जात्यावरचं आहे हे. लई जुनं.”

मी तर थक्क. हेच लोक हंगामभर हे गाणं ऐकत होते आणि त्याआधी कोणी ऐकलेलं नव्हतं. पण खोटं कोणीच बोलत नव्हतं हो. गाणं इतकं अंगवळणी पडलं होतं की प्रत्येकाला ते आपल्याच घरातलं वाटत होतं. मोटर असती तर मी म्हटलं असतं, बाबांनो, तुमच्या आजीच्या काळी मोटर कुठं होती? पण मोटर ह्यानंच काढून टाकली होती. कागद माझ्याच चुलीत गेला होता.

कंपनीचा माणूस ह्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागला. मला घाम फुटला. ह्याला नाही. टोपी मागं सरकवून म्हणाला, “चला, आमच्या दादापाशी. अख्खा बाजार सांगंल, तो खोटं बोलत नाही. मी वर्षभर काय करून राह्यलो ते त्यालेच ठाऊक.”

फोनो उचलून अडतीत गेलो. गादीवर शेटजी, बाजूला काटा. मी चावी भरली, सुई टेकवली. शेटजीनं आयुष्यात पहिल्यांदा फोनोसमोर बसून गाणं ऐकलं. हिशेब सांगणाऱ्या मुनिमाला त्यानं हातानं थांबवलं. दुसऱ्या कडव्याला त्यानं डोळे मिटले. गाणं संपलं तरी उघडले नाहीत, तबकडी नुसतीच खरखरत फिरत राहिली. शेवटी मी सुई उचलली.

“शेटजी, हे गाणं आपल्या भावानं लिहिलं आहे ना?” पाहुण्यानं विचारलं.

शेटजीनं डोळे उघडले. ते भरून आले होते. ह्या माणसाचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते.

“हा काय लिहिते?” तो म्हणाला. “हे आमच्या मायचं गानं आहे. चुलीपाशी बसून म्हने. मी मांडीवर असो तिच्या. मले वाटलं, मी तिचा आवाज इसरलो.” मग धाकट्याकडे वळून त्यानं विचारलं, “तुले कोठून सापडलं रे हे?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलंच होतं. मोटर, मलकापूर, माझी पायरी, सगळं ओठांवर आलं होतं. ह्यानं माझं मनगट असं धरलं की आत्ताही जागा दाखवीन.

“सापडलं दादा,” हा म्हणाला. “मायचंच आहे.”

पाहुण्यानं तबकडी खोक्यात ठेवली. नावाच्या जागी ‘पारंपरिक’ छापायचं ठरलं.

बाहेर आल्यावर मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. महामूर्ख ही त्यातली सगळ्यात सौम्य शिवी. अरे, नाव गेलं, दादाशी केलेली बोली हरलास, आता जन्मभर गादीवर बस आणि सरकी मोज. तो ऐकत होता. मग म्हणाला, “मले मायचं तोंडही नाही आठवत बे. दादाले तिचा आवाज आला. तो मी परत घेऊ त्याच्यापासून?”

 

बोली होती त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी तो गादीवर बसायला गेला. अंगात स्वच्छ सदरा, टोपी सरळ. शेटजीनं त्याला खालून वर पाहिलं. म्हणाला, “येथं काय करतं? मायनं एकच गानं म्हटलं का? बाकीची कोन शोधंल?”

असं हे त्याचं पुढचं आयुष्य. त्यानंतर तो वर्षानुवर्षं मायची गाणी ‘शोधत’ हिंडला. खर्च अडतीचा. गाणी शोधून आणणारा म्हणून कंपनीनंही त्याला ठेवून घेतला. तो गाणी लिहायचा, जिनात सोडायचा, बाया दुरुस्त करायच्या, आणि मग ती आधी शेटजीपुढं जायची. शेटजी डोळे मिटून ऐकायचा. कधी म्हणायचा, “हाव. मायचं आहे.” कधी म्हणायचा, “नाही रे. माय असं म्हने नाही.” नापास झालेलं गाणं हा मुंबईला नेतच नसे. आणि सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. शेटजीनं पास केलेलं गाणं कधी पडलं नाही. आमच्या भागातल्या फोनोंवर वाजणारं निम्मं ‘पारंपरिक’ माझ्या पायरीवर झालेलं आहे. त्यानं गळे किती उभे केले, किती बायांची नावं तबकडीवर छापून आली! त्याचं नाव एकाही तबकडीवर नाही. त्यानं कधी तक्रार केली नाही, उलट तोरा वाढला. एकदा मोठ्या घरच्या लग्नात कोणी म्हणालं, जुनी गाणी ती जुनी, आता तसं लिहिणारा जन्मायचा नाही. हा जिलबी खात होता. म्हणाला, “खरं आहे बुवा,” आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला.

पुढं लढाई पेटली. तबकडीला लागणारी लाख मिळेना, मुंबईच्या खेपा थांबल्या. त्याच सुमारास त्याची छाती बिघडली. पायरी चढताना दम लागायला लागला, मांडीवरची थाप हलकी झाली. एक दिवस दुपारी आला आणि म्हणाला, “पेटी घे. दादाकडे जाऊ.” मरतं की नाही, ते काही बोलला नाही. जिनातही ते गाणं गेलं नव्हतं, मलाही त्यानं आधी ऐकवलं नव्हतं.

अडतीत हंगाम नसल्यानं शुकशुकाट होता. शेटजीच्या केसांत आता पांढरंच जास्त. त्यानं डोळे मिटले. हा हळू आवाजात म्हणाला,

*तोंड तुझं पाह्यलं नाही, हाक कशी मारू माय,*
*हंड्यातल्या पान्यात माझं तोंड तुझ्यासारखं काय?*

शेटजीनं डोळे उघडले. बराच वेळ तो भावाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

“हे मायचं नाही,” तो म्हणाला. “हे तुयं आहे.”

ह्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आन् दमणीचं?” शेटजीनं विचारलं.

“ते मायचं होतं दादा.”

“हाव,” शेटजी म्हणाला, आणि उठून त्यानं स्वतःच्या हातानं भावाला पाणी दिलं.

पुढचा कापूस बाजारात यायच्या आत तो गेला. मी रडलो, ते सांगायला मला लाज नाही. दोन महिने दुकानात पेटी वाजली नाही, दुरुस्तीला आलेल्या पेट्या तशाच पडल्या.

हंगाम लागल्यावर एका सकाळी मी अडतीत गेलो होतो. काटा चालू होता. मेरा खुर्दकडचा एक जवान शेतकरी गाडीतून कापसाची गाठोडी खाली टाकत होता आणि टाकता टाकता दमणीचं गाणं म्हणत होता. शेटजीनं काटा थांबवला. मुनीम, हमाल, सगळे पाहायला लागले.

“कोनाचं गानं म्हनून राह्यला बे?”

पोरगा घाबरला. “जुनं आहे शेटजी. आमची माय म्हनते.”

“जुनं नाही,” शेटजी म्हणाला. “माझ्या ल्हान्या भावाचं आहे ते.” आणि मग अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यानं भावाचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, घराच्या नावासकट.